सांता चालतो, कॅरल नको

ताई, सलाम.

आम्ही पुण्यात वडगाव शेरीत राहतो. दोनशेच्या वर फ्लॅटची सोसायटी, त्यात मराठी ख्रिस्ती घर आमचं एकच. दोन केरळी कुटुंबं आहेत, पण ती नाताळात गावी जातात. घरात मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. ते नगर जिल्ह्यातल्या मिशन शाळेत मास्तर होते.

यंदा सोसायटीच्या कल्चरल कमिटीने ठरवलंय की डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी क्लबहाऊसमध्ये ‘ख्रिसमस कार्निव्हल’ करायचा. सांता, केक, मुलांचे खेळ, डीजे. आयोजन मी करावं, कारण ‘तुमचाच सण आहे’. सेक्रेटरींनी त्याला पुस्ती जोडली, की फक्त धार्मिक काही नको, आणि यंदा ती गाणी म्हणणारी मुलं नकोत. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, कॅरल पार्टी दर वर्षी नाताळची गाणी म्हणायला आमच्याकडे येते. गेल्या वर्षी त्यांना यायला सव्वाअकरा झाले आणि जाताना एका मुलाने आमच्या मजल्यावर सुवार्तेच्या पत्रिका दारांखालून सरकवल्या. त्यावरून थोडं बोलणं झालं होतं.

त्यातच ग्रुपवर एका काकूंनी टाकलं की २५ डिसेंबरला आपण तुळशीपूजन करू, हे परके सण कशाला. बऱ्याच जणांनी अंगठे दिले, त्यात माझी शेजारीणही.

आबा म्हणतात, सांताला आत घ्यायचं आणि येशूला गेटवर थांबवायचं, यात तू भाग घेतलास तर येशूला नाकारणाऱ्या त्याच्या शिष्याने, पेत्राने केलं तेच केलंस. नवरा म्हणतो, दिवस बरे नाहीत, कॅरल पार्टीला यंदा येऊ नका म्हणून सांग, नाताळची चांदणीही घरात लाव. मुलाला सांता व्हायचंय, पण त्याच संध्याकाळी संडे स्कूलच्या नाटिकेची तालीम आहे. गणपतीत दहा दिवस स्पीकरवर आरती होते. वर्गणी आम्हीही देतो, खाऊच्या स्टॉलवर मी उभी असते. मग आमच्या अर्ध्या तासाचं एवढं का व्हावं? मंडळीच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, प्रार्थना करा. ती चालूच आहे. पण सेक्रेटरींना रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

— वडगाव शेरीची एक बहीण

*

सलाम, भगिनी.

रविवार जवळ आलाय, तेव्हा आधी उत्तर देते, कारणं मागाहून. कार्निव्हलचं आयोजन अंगावर घेऊ नका. शेजारीण म्हणून जा, हौस असेल तर मुलांचे खेळ सांभाळा, सांताचं काय ते कमिटी बघेल. कॅरल पार्टीला बोलवा, पण तुमच्या घरात आणि रात्री आठ-साडेआठला. पत्रिका बंद. चांदणी बाहेर बाल्कनीतच लावा.

आता आबांपासून सुरू करते, कारण त्यांचं वाक्य तुम्हाला सर्वांत जास्त लागलंय असं पत्रावरून दिसतं. मिशन शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाशी शास्त्राच्या गोष्टीत वाद घालायचा म्हणजे धाडसच, पण पेत्राची गोष्ट त्यांनी पुन्हा वाचावी. येशूला धरून नेल्यावर महायाजकाच्या अंगणात तो शेकत बसला होता. दासीने विचारलं, तूही त्याच्याबरोबर होतास ना? तो म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. असं तीनदा झालं. म्हणजे त्याला सरळ प्रश्न विचारला गेला होता आणि त्याने सरळ खोटं सांगितलं. तुमच्या सोसायटीत तुम्ही ख्रिस्ती आहात हे वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच तर आयोजन तुमच्या गळ्यात घालायला निघालेत. यात नाकारणं कुठे आलं? क्लबहाऊसच्या भिंतीवर गव्हाणीचं चित्र नसलं म्हणून तुम्ही प्रभूला नाकारलं असं होत नाही.

नाकारणं वेगळ्या ठिकाणी होऊ शकतं, आणि तिथे तुम्ही सावध राहावं असं मला वाटतं. लिफ्टमध्ये कुणी सहज विचारलं, ‘ती रात्री गाणी म्हणणारी मुलं तुमच्याकडे आली होती का हो?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘नाही बाई, दुसऱ्या कुणाकडे आली असतील.’ किंवा मुलाला शाळेच्या बसमध्ये कुणी चिडवलं आणि तुम्ही त्याला समजावलंत की उगाच सांगत नको जाऊस आपण कोण ते. चांदणी ‘आत लाव’ हे जे तुमचे यजमान म्हणतात ते या बाजूचं आहे. बाल्कनीतली कागदी चांदणी कुणाला काही मागत नाही, कुणाची झोप मोडत नाही. ती काढायला लागलात तर पुढच्या वर्षी काय काढायचं हा प्रश्न येईल.

आयोजन का नको म्हणते? आबांच्या कारणासाठी नव्हे. सांताला माझी हरकत नाही. निकोलस हा चौथ्या शतकातला मायराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला, गुपचूप दान करणारा म्हणून त्याची ख्याती झाली आणि पुढे त्याच्या नावावर लाल टोपी चढली. मुलांना त्याची गंमत वाटते, वाटू द्या. पण त्या कार्यक्रमाच्या पाटीवर तुमचं नाव आलं की डीजे किती वाजला, केकवर किती खर्च झाला, सांताने कुणाच्या मुलाला चॉकलेट दिलं नाही, हे सगळं ‘ख्रिश्चनांचा कार्यक्रम’ म्हणून लक्षात राहणार. आणि ज्याला तुम्ही नाताळ म्हणता त्यातलं काहीच त्यात नसणार, कारण तशी अटच आहे. ज्यात आपलं काही नाही त्याचं यजमानपद कशाला? दिवाळी पहाट ठेवली तर सगळ्यांनी मिळून करतात, तसा हाही सगळ्यांनी मिळून करावा.

दुसरं एक कारण आहे. आयोजन हातात आलं की मंडळीतलं कुणीतरी सुचवणारच: खेळांच्या चिठ्ठ्यांत एखादं वचन घाल, केकच्या डब्याला पत्रिका चिकटव, सांताच्या तोंडी दोन ओळी दे. आपल्याकडे याला हुशारी म्हणतात. मला हा प्रकार मुळीच आवडत नाही. समोरच्याने ‘धार्मिक काही नको’ म्हटल्यावर तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि मागल्या दाराने तेच आणलंत, तर ज्याच्या नावाने हे करता त्याच्याबद्दल शेजाऱ्यांचं काय मत होईल? शब्द देऊन फसवलं, एवढंच. ज्या कार्यक्रमाला अट आहे तिथे अट पाळा. जिथे अट घालायचा कुणाला अधिकार नाही, म्हणजे तुमच्या घरात, तिथे मनासारखं करा.

हां, पण कार्निव्हलमध्ये कुणी माईक पुढे करून म्हणालंच, ‘वहिनी, ख्रिसमसबद्दल दोन शब्द’, आणि हे होतंच, तर मात्र ‘काही नाही हो, एन्जॉय करा’ म्हणून माईक परत देऊ नका. पेत्रानेच पुढे आपल्या पत्रात लिहिलंय की आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. विचारलंय, तर सांगा. मिनिटभराचं आधी तयार ठेवा. मी असं काहीसं म्हटलं असतं: ‘आमच्यासाठी हा प्रभू येशूच्या जन्माचा सण. बेथलेहेमात उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून आईने बाळाला गव्हाणीत ठेवलं. ही बातमी पहिल्यांदा कुणा राजाला कळली नाही, रात्री मेंढरं राखणाऱ्यांना कळली. आमच्या घरी २५ तारखेला संध्याकाळी पाच ते आठ दार उघडं आहे, सगळ्यांनी फराळाला या.’ बस. यात उपदेश नाही आणि लपवाछपवीही नाही. एवढ्यावर कुणाला राग आला तर तो तुमच्या बोलण्यामुळे आलेला नसेल.

आता पत्रातल्या त्या एका ओळीकडे येते, जी तुम्ही ‘थोडं बोलणं झालं होतं’ म्हणून उरकलीत. सव्वाअकरा वाजता ढोलकी, गिटार आणि पंधरा तरुण पोरं. सोसायटीत कुणाचं तान्हं बाळ, कुणाची सकाळची शिफ्ट, कुणाचे आजारी वडील. बहिणी, मला वाटतं सेक्रेटरींचं निम्मं भांडण येशूशी नाही, घड्याळाशी आहे. आणि त्या निम्म्यात ते बरोबर आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. वर्षातल्या १५ पर्यंत दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. कॅरल पार्ट्या १५ डिसेंबरच्या आसपास फिरायला लागतात, त्या सगळ्या रात्रींना ही सूट नसते. तुमच्या पोरांकडे तो छोटा चाकांचा स्पीकर असतो ना, तोही यात येतो. गणपतीतल्या दहानंतरच्या आवाजाला आपण नाकं मुरडायची आणि आपली ढोलकी मात्र पवित्र, असं चालणार नाही.

उशीर का होतो हेही आपल्याला ठाऊक आहे. रात्री दहा-बारा घरं घेतलेली असतात. प्रत्येक घरी गीत, वचन, प्रार्थना, मग कॉफी, करंजी, केक, आजींची चौकशी, पाकीट. पाचव्या घरी दहा वाजतात आणि सातव्याला पोरांना खरं तर झोप आलेली असते. मंडळीच्या तरुण संघाच्या सेक्रेटरीला सांगा, की सोसायट्यांमधली घरं आधी घ्या, आणि जिथे सगळी वस्तीच आपली आहे तिथे नंतर जा. तिथे लोक जागेच असतात. पाकिटासाठी घरं वाढवत न्यायची सवय काही मंडळ्यांना लागली आहे, त्यावर मला बरंच बोलायचंय, पण ते पुन्हा कधी.

पत्रिकांचं मात्र स्पष्टच सांगते. आपल्या धर्माचं पालन आणि प्रसार करायचं स्वातंत्र्य संविधानाच्या २५व्या कलमाने दिलंय, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे मर्यादा राखून. ते मला मोलाचं वाटतं आणि कुणी ते हिरावू पाहील तर मी लिहीन. पण झोपलेल्या घराच्या दाराखालून कागद सरकवणं हा त्या स्वातंत्र्याचा फारच स्वस्त उपयोग आहे. तो मुलगा टेम्पोत बसून निघून गेला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या शेजाऱ्यांबरोबर तुम्ही होतात. ज्यांच्याशी आपलं एका शब्दाचं नातं नाही त्यांना कागद द्यायचा आणि जिचं नातं आहे तिला त्याचं उत्तर द्यायला ठेवायचं, यात साक्ष कुठली? हे पाळकसाहेबांच्या कानावर घाला आणि यंदा तुमच्या घरापुरता नियम सांगून टाका.

कॅरल पार्टी घरात बोलवा म्हणते तेव्हा लोक म्हणतात, मग बाहेरच्यांना कसं कळणार? दार उघडं ठेवा की. वीस मिनिटं, स्पीकर नाही, माईक नाही. आणि तरुण संघाला विनवा की दोन तरी मराठी भजनं टाळ-ढोलकीवर म्हणा. इंग्रजी कॅरल म्हणा, हरकत नाही, कॅम्पातल्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्यांना ती जवळची असतात. पण कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे भजन-कीर्तनाच्या चालीत जे लिहिलं ते गेली शंभर वर्षं आपल्या उपासनेत आहे, आणि तुमच्या शेजारणीने ते कधी ऐकलेलंही नसतं. तिला वाटतं ख्रिस्ती गाणं म्हणजे मॉलमध्ये वाजतं ते. टाळ वाजला की ती स्वतःहून दारात येईल, बोलवावं लागणार नाही.

गणपतीचा प्रश्न तुम्ही विचारलात त्यात दुखणं खरं आहे, ते मी झटकणार नाही. दहा दिवस आरती चालते आणि अर्धा तास गाणी चालत नाहीत, हे बरोबरीचं नाही. पण ग्रुपवर हे वाक्य टाकलंत तर तुमच्या घराची चर्चा होणार नाही, गणपतीची होईल, आणि त्यात तुमच्या बाजूने बोलणारेही गप्प बसतील. त्यापेक्षा हे बघा. तुमच्या सोसायटीत सभासद क्लबहाऊस भाड्याने घेतात. बारशाला, सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, वाढदिवसाला. मग तुम्हीही घ्या. २६ किंवा २७ डिसेंबर, दोन तास, तेच भाडं, तीच अनामत, तेच नियम. कारणाच्या रकान्यात ‘नाताळनिमित्त कौटुंबिक स्नेहभोजन व प्रार्थना’ असं चक्क लिहा. सोसायटीच्या खर्चाने काही मागायचं नाही, सभासदाला मिळतं तेवढं मागायचं. आणि ते नाकारलं, तर कारण लेखी मागा. कार्निव्हलमधल्या अटीवर तुम्ही समजून घेतलंत, इथे मात्र समजून घेऊ नका. चांगल्या शेजाऱ्यासारखं वागणं म्हणजे हक्काची जागाही सोडून देणं असं आपल्या काही घरांत मानतात. मी मानत नाही.

काकूंचा तुळशीचा मेसेज. त्याला ग्रुपवर उत्तर देऊ नका, अंगठाही नको, दुखावलेला चेहराही नको. त्यांना २५ तारखेला तुळशीची पूजा करायची असेल तर त्यांच्या बाल्कनीत त्यांची तुळस आहे, त्याने तुमच्या सणाचं काही बिघडत नाही. पूजेत बसायचं की नाही हा तुमच्या विवेकाचा भाग, पण पूजेनंतर त्यांनी चहाला बोलावलं तर जा. ‘परके सण’ हे टोचतं, कबूल. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली आणि तिथली मंडळी १७९२ पासूनची, हे त्या काकूंना बहुतेक माहीत नसेल. १९५५ पासून नगर रोडवर असलेल्या, कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या पेपल सेमिनरीवरून त्या अनेकदा गेल्या असतील. ही माहिती तुमच्या स्वतःच्या पाठीच्या कण्यासाठी आहे. ग्रुपवर फॉरवर्ड करायला सांगितलेली नाही. तारखा तोंडावर फेकून आजवर कुणी फराळाला आलेलं मी पाहिलेलं नाही.

शेजारणीने अंगठा दिला त्याचं मात्र वाईट वाटून घ्या आणि विसरा. लोक सकाळी चहा पिता पिता अंगठे देतात.

फराळाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण पुण्यात हा विषय वाटतो तेवढा लहान नाही. १८९० साली गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, पुण्यातल्या बड्या मंडळींना गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये नेलं. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. नंतर गोपाळरावांनीच नावं छापून आणली आणि शहरात वादळ उठलं. रानडे त्यात, लोकमान्य टिळक त्यात. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, रानड्यांनीही घेतलं आणि त्यावरून त्यांच्या सुधारक मित्रांनी त्यांना धारेवर धरलं. ख्रिस्ती घरचा एक कप चहा, आणि त्यावर या गावाने काही वर्षं वाद घातला! पंचहौदचं पवित्र नाम देवालय तेव्हा नुकतंच, १८८५ साली उभं राहिलेलं होतं. आता त्याच देवळाचा उंच मनोरा बघायला हेरिटेज वॉकवाले येतात आणि बाहेर टपरीवर चहा पितात. तेव्हा तुम्ही ताट झाकून शेजारी पाठवता आणि ते रिकामं न येता साखर घालून परत येतं, ही या शहरात सहज घडलेली गोष्ट नाही. मंचावरच्या भाषणापेक्षा मला त्या ताटाचा भरवसा जास्त वाटतो.

म्हणून ताट नीट विचार करून भरा. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष असतो, गुरुवारचं व्रत धरणाऱ्या घरांत महिनाभर अंडंही वर्ज्य असतं. आपण प्रेमाने प्लम केक पाठवतो आणि त्या बिचाऱ्या अवघडतात, घेताही येत नाही आणि नकोही म्हणवत नाही. मग तो केक घरकाम करणाऱ्या बाईंना जातो. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू पाठवा. आपल्या नगरकडच्या घरांतून नाताळाला हेच होतं. केक पाठवायचाच तर बिनअंड्याचा, आणि डब्यावर तसं लिहून. सुरुवात त्या तुळशीवाल्या काकूंपासून करा. पहिलं ताट त्यांना, आणि ते मुलाच्या हाती न पाठवता स्वतः घेऊन जा.

कुणीतरी दारातच विचारेल, ‘तुमचं आडनाव तर आमच्यासारखंच, मग तुम्ही कधी कन्व्हर्ट झालात?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने शंभरदा ऐकलाय. चिडू नका आणि व्याख्यानही देऊ नका. ‘आबांच्या आजोबांपासून’ किंवा जे खरं असेल ते सांगा. आबा घरात असतील तर त्यांनाच हाक मारा. निवृत्त मास्तरांना असा श्रोता मिळाला तर ते पेत्राला विसरतील.

आबांना काम हवंय. ते रागावले आहेत यामागे तेही आहे. आयुष्यभर ज्यांनी नाताळची उपासना चालवली, नाटिका बसवल्या, त्यांना आता फ्लॅटमध्ये बसून सून सेक्रेटरीला काय उत्तर देते ते ऐकावं लागतंय. कॅरलच्या संध्याकाळी लूकच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायाचं वाचन त्यांच्याकडे द्या. २५ तारखेला पाहुण्यांचं स्वागतही तेच करतील. गव्हाणीचा देखावा त्यांनी आणि नातवाने मिळून दारापाशी मांडावा. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात तो पहिल्यांदा मांडला तोही बघायला आलेल्या साध्या गावकऱ्यांसाठीच. फक्त कॉमन पॅसेजमध्ये पसरू नका, चपलांच्या स्टँडवरूनही तुमच्या सोसायटीत भांडणं होत असणार.

यजमानांना भित्रे म्हणू नका. काही ठिकाणी कॅरल पार्ट्यांना अडवल्याच्या, पोलिसांत नेल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. घरात म्हातारा माणूस आणि शाळकरी मुलगा असताना बापाला काळजी वाटली तर त्यात कमी विश्वासाचं काही नाही. काळजीला काम द्या. गेटवर पोरांची नावं आधी कळवायची, गाड्या कुठे लागणार ते ठरवायचं, पार्टीबरोबर मंडळीतली दोन वडीलधारी माणसं असावीत याचा आग्रह धरायचा, आवारात किंवा रस्त्यावर गायचं नाही, कुणी हटकलं तर वाद न घालता घरात यायचं, मोबाईलवर चित्रण करून टाकायचं नाही. रस्त्याने फिरून गायचं असेल तर मंडळीने पोलीस चौकीला आधी पत्र द्यावं, ते काम पाळकीय समितीचं. ही सगळी यादी यजमानांकडे सोपवा. येऊ नका म्हणणारा माणूस कसं यायचं ते ठरवू लागला की त्याची भीती बरीच उतरते, असा माझा अनुभव आहे.

मुलाचं सोपं आहे. नाटिकेत त्याने भूमिका घेतली असेल तर तालमीला जाईल. शब्द आधी तिथे दिलाय. तालीम संपवून कार्निव्हलला उशिरा पोचला तरी खेळ आणि केक त्याला मिळेलच. सांता दुसरा कुणीही होईल, सोसायटीत पोटं सुटलेल्या बापांची कमतरता नसते. पण ‘सांता वाईट, म्हणून जायचं नाही’ असं त्याला सांगू नका. बारा वर्षांचा आहे, निकोलसची गोष्ट सांगा, पुढचं तो ठरवेल. आणि २४ च्या रात्री उपासनेनंतर त्याला कॅम्पात घेऊन जा. एम. जी. रोडवर आणि देवळांच्या दारांत गव्हाणी बघायला आलेली किती माणसं ख्रिस्ती नाहीत, हे त्याला दिसू दे. ग्रुपवरचे अंगठे तो वाचतोच आहे, हेही त्याने पाहिलेलं असावं.

सेक्रेटरींना मेसेजवर उत्तर देऊ नका, शनिवारी संध्याकाळी प्रत्यक्ष भेटा. जाताना करंज्या नेऊ नका, लाच वाटेल. आधी गेल्या वर्षीच्या वेळेबद्दल आणि पत्रिकांबद्दल सरळ दिलगिरी व्यक्त करा, कुठलाही ‘पण’ न जोडता. मग सांगा: ‘कार्निव्हलचं आयोजन मला जमणार नाही, मुलांच्या खेळांना मी येते. आमच्याकडे गाणारी मुलं अमुक तारखेला साडेआठला येतील, वीस मिनिटं, घरातच, स्पीकरशिवाय. नऊच्या आत गेटबाहेर असतील. कुणाची तक्रार आली तर मला फोन करा.’ ही परवानगी मागणं नाही, घरी पाहुणे येणार असल्याचं कळवणं आहे, तेव्हा स्वरही तसाच ठेवा. तरीही ते ‘नको’ म्हणाले, तर विचारा की इतरांच्या घरी भजनी मंडळ येतं त्याला कुठला नियम लागतो, आणि तोच आम्हाला लावा. बहुतेक वेळा बोलणं इथवर येत नाही. नऊच्या आत म्हटलं की माणसं सैलावतात.

त्याआधी मात्र तरुण संघाला आजच फोन करा. कॅरलचं वेळापत्रक एकदा छापून देवळात वाटलं गेलं की साडेआठची वेळ कुणी देत नाही, ती पाळकसाहेबांच्या व्याह्यांना गेलेली असते.